पहिलं पान सुकवारोमावशीचं

सुकवारोमावशी अंगणात येऊन बसली की हिवाळा लागला, असं आमच्या घरी धरलं जाई. तसा गारवा आधीच सुरू झालेला असे, मायने गोधड्या उन्हात घातलेल्या असत, बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, धान पिवळं पडून कापणीला आलेलं असे. पण ते सगळं आम्हा मुलींच्या लेखी कच्चं. दिवाळी सरायची, गायगोधनाच्या दिवशी रंगवलेल्या शिंगांच्या गाई शेणाच्या गोधनावरून चालून जायच्या, आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मावशी दरेकशाहून यायची. डोक्यावर माहुलाच्या वेलीच्या पानांचा एवढा मोठा भारा, की दारातून आधी भारा आत येई आणि मग ती. "आली वो माय, चहा मांड," असं ती फाटकातूनच ओरडे. त्यानंतर मंडईच्या दिवसापर्यंत ती पत्रावळी, आमच्या बोलीत पत्तल, शिवत बसे आणि अंगणातून एकच आवाज येत राही. पानावर पान ठेवल्याची सळसळ, आणि बांबूची बारीक काडी टोचून मोडल्याचा कट्. सळसळ, कट्. सळसळ, कट्. त्या आवाजात मी अभ्यास केला आहे, त्या आवाजात थोरल्या बहिणीशी, देवकीताईशी, भांडले आहे, आणि त्याच आवाजात कित्येक दुपारी झोपले आहे.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे बाहेरच्या वाचकाला सांगावं लागतं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपापला एक दिवस ठरवतं आणि त्या दिवशी गावात जत्रा भरते, तिला आम्ही मंडई म्हणतो. ढोलकी, दंडारीचे खेळ, फुगे, पिपाण्या, जिलबीचे ढीग आणि घरोघर पाहुणे. दिवाळीला मुली माहेरी येतात आणि मंडईला त्यांच्या सासरचे लोक मागोमाग येतात, त्यामुळे आमचा सण महिनाभर या गावातून त्या गावात फिरत असतो. यंदा मंडईआधी माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने, प्राचीने, मला मोबाईलवर एक रंगीत चित्र पाठवलं. "पर्यावरणपूरक मंडई" असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली प्लास्टिक टाळा, पाणी जपा, वगैरे. वर तिचा निरोप : "आत्या, तू जुन्या काळाबद्दल बोलायचं आहे. तुमच्या वेळी सगळं किती छान इको-फ्रेंडली होतं ना!" मी तिला लिहिलं की बोलते, पण मला बोलवून तू पस्तावशील. कारण आमच्या गावात पहिला थर्माकोल आणला तो मीच.

त्या काळी मंडईला आमच्याकडे पाऊणशे-शंभर पान उठे. स्वयंपाकाला चार दिवस आधीपासून हात लागायचा. लाखोळीची डाळ भिजायची, कोचईचे कंद उकडून सोलायचे, पाट्यावर मिरची वाटताना माय शिंकायची आणि बाबूजी ओसरीतून ओरडायचे की सणाच्या दिवशी शिंकू नका. आमच्या घराची शान म्हणजे वडे आणि कढी. वडा कढईतून निघाला की झाऱ्यावरून थेट पानात पडला पाहिजे, थाळीत काढून ठेवलेला वडा म्हणजे पाहुण्याचा अपमान, असं माझ्या मायचं ठाम मत होतं. आणि पंगत बसण्याआधी एक रिवाज असे. पहिलं पान मांडायचं ते सुकवारोमावशीपुढे. माय त्यात डावभर ऊन कढी ओती. मावशी ती पत्रावळ दोन्ही हातांनी अलगद उचलायची, मान वाकडी करून खालून बघायची, बुडाला बोट लावायची, आणि ते कोरडं निघालं की म्हणायची, "बसवा गा पंगत." मग ती तिथेच त्या पानावर जेवायला सुरुवात करी आणि मागून सगळे बसत. गावचा पाटील असो की मायची आतेसासू, मावशीने बोट लावल्याशिवाय कुणाला पान मिळत नसे.

एक गोष्ट इथे लिहायला हवी, जी तेव्हा माझ्या लक्षातही आली नव्हती. पहिलं पान तिचं असे, पण ते अंगणात. ती गोंडाची, आम्ही जमीनवाले शेतकरी. ओसरीची पायरी ती कधी चढली नाही आणि चढ असं तिला कुणी म्हटलंही नाही. माझी माय मनाने मोठी होती, पण पायरीइतकी नाही. हे आता लिहिताना मला वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं.

जेवणं झाली की उष्ट्या पत्रावळी खळ्याच्या मागे टाकत. गाई-म्हशी त्या चवीने खात, उरलेल्या शेणखताच्या खड्ड्यात जात आणि उन्हाळ्यात खताबरोबर बांधीत पडत. कुणी त्याला काही नाव दिलं नव्हतं. घर झाडावं तसं ते चाले. मावशीला तिच्या कामाचं नवं धान आणि एक लुगडं मिळे, ती भाऱ्याच्या जागी धानाचं पोतडं डोक्यावर घेऊन परत गाडीत बसे, आणि आम्ही वर्षभर तिला विसरून जात असू.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे त्या वर्षी मी गोंदियाला वसतिगृहात राहून बारावी शिकत होते आणि मला चांगलीच शिंगं फुटली होती. मी घरी येऊन मायला भाजीत तेल कमी घालायला सांगे, बाबूजींना बनियनवर बाहेर जाऊ नका म्हणे. त्यातच देवकीताईसाठी गोंदियाहून स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, मुलगा शिकलेला, दिसायला बरा. ताईने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती विनाकारण हसत असे. निरोप आला की आम्ही मंडईच्या दिवशीच येतो, घरही बघू आणि मंडईही. त्या निरोपाने घर ढवळून निघालं. ताई रोज संध्याकाळी तुळशीपुढे जरा जास्तच वेळ उभी राहू लागली. आणि मी ठरवलं की शहरातल्या माणसांना पानावर जेवू घालून माझ्या बहिणीची फजिती मी होऊ देणार नाही.

गोंदियात एका मैत्रिणीच्या घरच्या लग्नात मी थर्माकोलच्या प्लेटा पाहिल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, कडेला उठावाची वेलबुट्टी, हातात घेतल्या तर वजनच नाही. मी बाबूजींच्या मागे लागले. ते म्हणाले, "पानावर जेवून कोनी मेला का वो आजवर?" मी म्हटलं, "मरत नाहीत, हसतात. ताईचं मोडलं तर मग मला म्हणू नका." हे वाक्य मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. बाबूजींनी कोपरीच्या खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. मी दोनशे प्लेटा पॅसेंजर गाडीतून मांडीवर घेऊन आले, खिडकीतून येणारी इंजिनाची काजळी बसू नये म्हणून वर ओढणी पांघरून. माय एकदाच म्हणाली, "सुकवारोले तूच सांगजो. मी नाई सांगत."

ती आली, भारा उतरवला, घाम पुसला आणि पाय पसरून बसली. मी समोर उभी राहिले. "मावशी, यंदा पत्तल नको," मी म्हटलं.

"काऊन वो नोनी? मंडई नाई का यंदा?" लहानपणापासून ती मला नोनीच म्हणे.

"मंडई आहे. पण ताईला बघायला शहराचे पाहुणे येऊन राहिले. आम्ही प्लेटा आणल्या."

मी एक प्लेट आणून तिच्या हातात दिली. तिने ती तळहातावर तोलली, सवयीने उलटी करून बुडाकडे पाहिलं, नखाने जरा दाबलं. नखाची खूण उमटली. "येच्यात कढी ओतून पायली का?" तिने विचारलं.

"ओतून काय बघायचं? कारखान्यात बनते ती."

"बरं," ती म्हणाली. प्लेट तिने हळूच जमिनीवर ठेवली आणि उठली. माय आतून चहा घेऊन आली तर तो तिने घेतला नाही. मायने मागोमाग सुपात धान आणलं, तेही नाही. "काम नाई केलं त धान कायले?" एवढं बोलून तिने तो सगळा भारा एकटीने डोक्यावर चढवला. एरवी तिला हात द्यायला आम्ही दोघी बहिणी धावत असू. त्या दिवशी मी नुसती बघत राहिले, कारण हात द्यायला जावं तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

मंडईच्या दिवशी पाहुणे दुपारच्या जेवणाला आले. आमच्या अंगणात पंगत मावेना म्हणून घरालगतच्या बोडीच्या काठच्या खळ्यावर सारवून जागा केली होती. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं आमचं लहानसं तळं. मी सतरंज्यांपुढे प्लेटांची रांग लावली, लांबून बघितलं आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तेवढ्यात वारा आला. हिवाळ्यात दुपारी आमच्याकडे तो येतोच, मला तो काय नवीन होता? पण पाण्याचा हात फिरवलेली पत्रावळ वाऱ्याने कधी उडाली नव्हती. अर्धी रांग एकदम उठली आणि खळ्यावरून बोडीकडे पळत सुटली. मागे बाबूजी, नवं धोतर सावरत. गावातली तरणी पोरं मदत करायच्या ऐवजी शिट्ट्या वाजवत होती. शेवटी प्रत्येक प्लेटीत एकेक कांदा ठेवून आम्ही पाहुण्यांना बसवलं आणि मी मायला म्हटलं, वाढ लवकर, म्हणजे वजन येईल.

मायने वाढलं. झाऱ्यावरून थेट, उकळत्या तेलातला वडा. चुर्र असा आवाज आला आणि वडा प्लेटीत बसला, म्हणजे खरोखरच आत जाऊन बसला. मुलाचे वडील मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी वडा उचलला तर त्याला चिकटून प्लेटीचं बूड वर आलं. आणि मागून येणाऱ्या वाढप्याला काही दिसलं नव्हतं. त्याने नेमाने डावभर कढी ओतली. ती त्या भोकातून सरळ पाहुण्यांच्या परीटघडीच्या पायजम्यावर. "अरे भाई!" एवढंच ते ओरडले आणि उभे राहिले. रांगेत दुसरीकडूनही चुर्र चुर्र ऐकू येऊ लागलं. देवकीताई दाराआड उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि तेच मला सोसवलं नाही. मायने शेजारपाजारच्या घरांतून मिळतील तेवढ्या थाळ्या, परातीसुद्धा, गोळा केल्या आणि जेवणं कशीबशी उरकली.

पण एवढ्यावर भागलं नाही. ज्यांनी उष्टी काढली त्यांनी त्या प्लेटा सवयीने खळ्याच्या मागे नेऊन टाकल्या, दरवर्षी पानं टाकतात तिथेच. आमची लाली गाय धावत आली, तिने हुंगलं आणि एक तोंडात घेतली. माय ओरडत गेली आणि तिच्या जबड्यात हात घालून तिने ती बाहेर ओढली. बाकीच्या वाऱ्याने नेल्या. आम्हाला वाटलं, गेल्या कुठेतरी. चहाच्या वेळी पाहुणे ओसरीवर बसले होते, वातावरण जरा सैल झालं होतं. मुलाची आई बोडीकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे बगळे किती हो! बहुत सुंदर दिसून राहिले." बाबूजींचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदाच घराचं कौतुक झालं होतं. ते सांगू लागले की हिवाळ्यात इथे लांबलांबून पाखरं येतात, आम्ही कुणाला दगड मारू देत नाही, यंदा जरा जास्तच आली आहेत. तेवढ्यात एक खरा बगळा उडत आला आणि त्या पांढऱ्या थव्याच्या मधोमध उतरला. त्याने एकाला चोच मारली. तो एक गोल फिरला आणि उलटा झाला.

मी पायरी उतरले, साडी खोचली आणि बोडीत शिरले. पाणी इतकं थंड होतं की श्वास अडकला. कमरेपर्यंतच्या पाण्यात चिखल तुडवत मी एकेक प्लेट गोळा करत होते आणि रडत होते, रडणं दिसू नये म्हणून तोंडावर पाणी मारत होते. मागून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. मुलाचे वडील काठावर येऊन उभे होते, पायजम्यावर कढीचा पिवळा डाग घेऊन. "बेटा, बाहर आ जा, ठंड लग जाएगी," ते म्हणाले. मग बाबूजींकडे वळून म्हणाले, "दादाजी, मी त इथं पत्तलवर जेवाले भेटेल म्हनून आलतो. गोंदियात कोन वाढते आता? लग्नात तरी पानावर वाढजा." लग्नात! ताई दाराआडून आत पळाली. अशा रीतीने माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी चिखलात उभी होते. पाण्यावरच्या दिसल्या तेवढ्या प्लेटा मी काढल्या. काही म्हशींच्या पायाखाली गाळात गेल्या, त्या राहिल्या.

पाहुणे गेल्यावर माय म्हणाली, "लगन ठरला. आता पत्तल कोन बनवल?" आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी एकटी दरेकशाला उतरले आणि विचारत विचारत रानाच्या कडेला तिच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, पोचले. ती दारात बसून बांबूच्या काड्या चिरत होती. शेजारी तिच्या शेळ्या आमच्या घरून परत गेलेली पानं खात होत्या. तिने मान वर केली नाही.

"मावशी, मी चुकली," मी म्हटलं.

"वडा ठेवला का त्याच्यावर?"

"ठेवला."

"मंग?"

"भोक पडलं. कढी पाहुण्याच्या अंगावर गेली."

तिने कोयता खाली ठेवला आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला बगळ्यांची गोष्टही सांगावी लागली, ती तिने दोनदा ऐकली. मलाही हसू आलं आणि मला वाटलं, सुटले. मग ती पदराने डोळे पुसत शांतपणे म्हणाली, "नोनी, पत्तल नोको म्हनली, त नोको. घरी पाहुने आले त पाहुन्याच्या मनासारखं करा लागते, मले समजते. पन तुह्या घरी मंडई होती. मले जेवाले ये, असं काऊन नाई म्हनली? पत्तल नोको होती, त का मी बी नोको होती?"

मला खरंच सुचलं नव्हतं. तेरा-चौदा वर्षं आमच्या घरचं पहिलं पान जिने खाल्लं, ती पत्रावळीशिवायही आमची कुणी असू शकते, हे त्या शिकल्यासवरल्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिच्या पायाशी बसून रडले. तिने मला रडू दिलं, समजूत काढली नाही. नंतर माझ्या हातात काडी दिली आणि म्हणाली, "लगनाची पत्तल पायजे ना? त बस. मी एकटी नाई करत."

त्या हिवाळ्यात सुट्टीचा प्रत्येक दिवस मी तिच्याबरोबर काढला. वेलीवरचं कोणतं पान तोडायचं, कोणतं सोडायचं, एका वेलीवरून किती घ्यायची हे तिने शिकवलं. माझ्या बोटांना काड्या टोचून टोचून फोड आले आणि वसतिगृहातल्या मुलींनी मला काय झालं म्हणून विचारलं. लग्नाच्या दिवशी पंगतीआधी मी पहिलं पान मांडलं, अंगणात नाही, ओसरीवर, आणि तिचा हात धरून तिला पायरी चढवली. मायने माझ्याकडे पाहिलं, मग पायरीकडे पाहिलं, आणि ती कढीचं भांडं घेऊन आली. पान मी शिवलेलं होतं. मावशीने ते उचललं, खालून पाहिलं, बोट लावलं. बोट ओलं झालं. तिने कुणाला दिसू न देता स्वतःचं एक पान त्याखाली सरकवलं आणि मोठ्याने म्हणाली, "बसवा गा पंगत."

सुकवारोमावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात भावाने बोडीतला गाळ काढला. गाळाच्या ढिगातून त्याने एक पांढरी वस्तू उचलून मला आणून दिली. मी ती नळाखाली धरली. एका बाजूने जरा कुरतडलेली, पण बाकी साबूत. कडेची वेलबुट्टीही जशीच्या तशी. परवा मंडईला प्राचीने ती शाळेच्या पटांगणात एका टेबलावर मांडली आणि पाटी लिहायला बसली. "आत्या, ही कोणाची म्हणून लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझं नाव लिही. तिने लिहिलं, मग म्हणाली, "याच्या बाजूला सुकवारोआजीची एखादी पत्तल ठेवू या ना. हजारो बनवल्या म्हणतेस. एक तरी असेल की कुठे?"

मी बोडीपलीकडे उभ्या असलेल्या धानाकडे बोट दाखवलं.